अक्का, तुझ्या दहाव्याला कावळे का आले नाहीत

अक्का, तुझ्या मयतीला दहा हजार माणूस होतं असं मी सध्या सगळीकडं सांगत सुटलोय. तू असतीस तर चुलीपुढून मान न वळवता म्हणाली असतीस, "म्हाळ्या, एक शून्य काढ." एक काढलं तरी हजार राहतात, म्हणजे तू दुसरंही काढायला लावलं असतंस. शंभर होती. त्यातली निम्मी मेंढरं होती आणि ती माणसांपेक्षा गुमान चालत होती. एवढं मात्र मी वाढवून सांगत नाही.

अग्नी छबूनं दिला. आपला चुलतभाऊ मडकं धरायला पुढं झाला, कारण त्याला वाटलं, मुलगा नसलेल्या बाईचं मडकं धरणं हा आपला हक्कच आहे. छबूनं त्याच्या हातातून मडकं काढून घेतलं आणि मला म्हणाली, "मामा, ह्याला सांग. आईला लेकरू एकच हाय, आन् ते मी हाय." मी काही सांगितलं नाही. तिच्याकडं बघितल्यावर त्याचं त्यालाच कळलं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलं लिहायला बसलो आणि दोन पानं फाडली. तुझ्याबद्दल लिहायला गेलं की त्या पुढारी नानाबद्दल लिहावं लागतं, आणि नानाबद्दल चांगलं लिहायचं तर जेवढं खोटं बोलावं लागेल तेवढं माझ्याच्यानंही होत नाही. माझ्याच्यानं किती होतं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. चाळीस वर्षं चाललेलं. मी म्हणायचो, तुझा घात अमेरिकेनं केला. पारावर मी ही गोष्ट अशी रंगवायचो की ऐकणाऱ्यांच्या हातातला चहा थंड व्हायचा. तिथल्या राजवाड्यात भिंतीएवढा नकाशा आहे, त्यावर आपल्या वाडीला तांबडी टाचणी टोचलीय, आणि तिथला सगळ्यांत मोठा साहेब रोज सकाळी दात घासता घासता त्या टाचणीकडं बघून म्हणतो, ह्या धनगरांना अजून चार पोरं झाली तर आपलं काही खरं नाही. तू विचारायचीस, "तो दात घासताना बघतो हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हणायचो, "त्याच्या न्हाव्यानं."

पुढं युसूफ वडगावचा तो मास्तर आपल्याकडं बोकड घ्यायला आला, आठवतो? कॉलेजात शिकवायचा. त्याच्यापुढं मी माझी टाचणीची गोष्ट लावली. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, टाचणीचं मला माहीत नाही. पण बंद खोल्यांत अशी बोलणी झालेली आहेत, कागद आहेत." श्रीमंत देशांना भीती होती म्हणे, की गरीब देशांत उपाशी पोरं फार झाली तर ती एक दिवस उठतील, लाल बावटा धरतील, मग ह्यांच्या खाणींचं, बंदरांचं, मालाचं काय होणार. म्हणून धान्याच्या जहाजाबरोबर, मदतीच्या पैशाबरोबर एक शब्द यायचा, माणसं कमी करा. आणि आपल्या दिल्लीलाही तो शब्द काही कडू लागला नाही. दिल्लीनं मुंबईला सांगितलं, मुंबईनं बीडला, बीडनं नानाला.

अक्का, मला त्या दिवशी जरा वाईटच वाटलं. जन्मभर घडवलेली थाप आणि तिच्यातली निम्मी खरी निघाली. मी धावत तुझ्याकडं आलो. तू मेंढीच्या खुरातला काटा काढत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आसंल खरं. पर म्हाळ्या, तुज्या अमेरिकेला माजं नाव म्हाईत न्हवतं. नानाला व्हतं."

मी म्हणालो, "नाना नुसता पोस्टमन."

तू म्हणालीस, "पोस्टमन टपाल देतो. अंगठा धरून उठवत न्हाई."

आणि तिथंच ते भांडण दर वेळी थांबायचं, कारण तिथून पुढं नानाच्याही अलीकडं, आपल्या उंबऱ्याच्या आत यावं लागत होतं.

आता ते लिहितो.

तेव्हा डोंगरावरच्या सरकारी रानात मेंढरं चारायला पास लागायचा, आणि पास मिळायचा नानाच्या शब्दावर. नाना तेव्हा चाळिशीतला, मिशीला तूप लावणारा, तालुक्यात ज्याच्याशिवाय कोंबडा आरवत नव्हता असा पुढारी. त्याला वरून आकडा आलेला, इतक्या बायका शिबिराला आणा. आणलेल्या बाईला 'केस' म्हणायचे. मास्तर केस शोधायचे, ग्रामसेवक केस शोधायचा, नर्सबाई रडत रडत केस शोधायच्या. नानानं मला ओट्यावर शेजारी बसवून चहा पाजला. एकोणीस वर्षांच्या मेंढक्याला सभापतीनं शेजारी बसवणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. म्हणाला, "म्हाळू, एक केस आन, पास घिऊन जा."

आपल्या घरात केस होण्याजोगी एकच बाई होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, आठ महिन्यांची छबू मांडीवर घेऊन बसलेली तू.

मी तुला सांगितलं, बीडहून मोठे डॉक्टर आलेत, तुझ्या पोटदुखीवर सुई देणार आहेत. तू छबूला आईकडं दिलंस, लुगडं बदललंस आणि माझ्यामागं चालू लागलीस. वाटेत मला म्हणालीस, "माघारी येताना बत्ताशे घिऊ." मला नानानं सुईचंच सांगितलं होतं, मी तरी काय करणार, पोरगा होतो, असं मी पारावर सांगत आलो. ह्या ठिकाणी मी नेहमी जरा खोकतो आणि पुढं जातो. आजही खोकून पुढं जातो. थांब जरा.

शाळेतली बाकं जोडून टेबलं केली होती. तुमच्या मनगटांवर जांभळ्या शाईनं आकडे घातले, बाजारला न्यायच्या मेंढरांना आपण पाठीवर रंग लावतो तसे. तुझा सव्वीस. दुपारपर्यंत व्हरांड्यात पोत्यांवर तुम्ही बायका ओळीनं पडला होतात, आणि प्रत्येकीच्या उशाला एक स्टीलची बादली, सरकारची भेट. तेवढ्यात पांढरी मोटार आली. तिच्यातून एक गोरी बाई उतरली, खादीचा झगा, हातात वही. पैसा तिच्या देशाचा होता म्हणे, म्हणून बघायला आली होती. ती तुझ्यापाशी बसली, तुझा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. सोबतच्या माणसानं मराठी केली, "मॅडम विचारतात, तुम्ही खुशीनं आलात का?"

तू गुंगीत होतीस. ओठ हलले तुझे. नाना मागून म्हणाला, "व्हय म्हणती."

वहीत तेवढं लिहिलं गेलं.

हे सगळं तुला नंतर सोनाबाईनं सांगितलं, शेजारच्या पोत्यावरच्या सत्तावीस नंबरनं. तिला गुंगी चढली नव्हती. पुढं कधीही मी गोऱ्या बाईला शिव्या घालायला लागलो की तू म्हणायचीस, "तिनं इचारलं तरी. जवाब कुणी दिला?"

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. धर्मापुरीकडच्या तुझ्या सासरच्यांनी दोन वर्षं वाट बघितली आणि मुलगा पाहिजे म्हणून दुसरी आणली. तू छबूला पाठीशी बांधून आपल्याकडं आलीस. तुझ्या सवतीला लागोपाठ सात पोरी झाल्या. बरं, चार. मी एकेक पोरगी झाली की पारावर पेढे वाटायचो, इतका मला आनंद. तू मात्र प्रत्येकीला टोपडं शिवून पाठवलंस. मी चिडलो तर म्हणालीस, "तिलाबी कुणी इचारलंय व्हय रं?" तुझ्या ह्या असल्या बोलण्यानं माझे कितीतरी चांगले सूड वाया गेले.

पण तुझा स्वतःचा एक होता, आणि तो तू कधी वाया जाऊ दिला नाहीस. दर इलेक्शनला नाना हात जोडून दारात यायचा. तू त्याला पाट द्यायचीस, पाणी द्यायचीस आणि विचारायचीस, "नाना, त्या दिवशी तुमी मला इचारलं व्हतं का?" नाना हसायचा, "बाई, जुनं कावून उकरता," आणि पुढच्या दारी जायचा. तुला पैसा नको होता, जमीन नको होती. नुसतं त्याच्या तोंडून, चारचौघांत, 'न्हाई इचारलं' एवढंच पाहिजे होतं. सगळ्या गावाला ते पाठ झालं होतं. पोरं तुझी नक्कल करायची. तू नवव्या इलेक्शनलाही तेच विचारलंस, पहिल्यांदा विचारल्यासारखं.

आणि तालुक्याच्या त्या खासगी दवाखान्याचं? ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी पाळीत खाडा करू नये म्हणून मुकादम त्यांना पिशवी काढून घ्यायला तिथं घेऊन जायचा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरी. तुझ्या कानावर आलं आणि दुसऱ्या दिवशी तू मेंढरं घेऊन त्या दवाखान्यात शिरलीस. मी लोकांना पाचशे मेंढरं सांगतो. बावीस होती. पण बावीस मेंढरांनी फरशीवर जे करायचं ते पाचशेच्या बरोबरीनं केलं. डॉक्टर ओरडत बाहेर आला तर तू म्हणालीस, "सायेब, आमच्या मेंढ्यांच्याबी पिशव्या काढा की. त्याबी कामाला खाडा करत्यात." त्या दिवशी आत निजवलेल्या तीन पोरी उठून तुझ्यामागून बाहेर आल्या. त्यातलीच एक तुझ्या मयतीला आली होती, कडेवर पोरगा. तिनं त्याला तुझ्या पाया पडायला लावलं. पोरगं घाबरून रडलं. मीही त्याच्यासोबत रडून घेतलं, कुणाला कळलं नाही.

आता नानाचं ऐक, कारण हे तू जायच्या आधी महिनाभर झालं आणि मी तुला सांगितलं नाही, तुझा दम वाढला असता. ब्याऐंशी वर्षांचा नाना, नातू जिल्हा परिषदेला उभा, आणि हा गावोगाव सांगत फिरतोय, "बायांनो, आपली माणसं कमी पडायला लागली. घरटी चार लेकरं पायजेत." त्याच माणसानं. त्याच तोंडानं. तेव्हा वरून आलं कमी करा, आता वरून आलं वाढवा. तेव्हा तुझं पोट कुणाच्या तरी भीतीचं, आता छबूच्या सुनेचं पोट कुणाच्या तरी मतांचं. वरचे साहेब बदलले, आकडा उलटा झाला. मधला माणूस तोच.

आणि तू गेलीस. मी ठरवलं, हा आता मी सोडत नाही.

आपल्याकडं पुढाऱ्याचं लग्न चुकेल पण दहावा चुकत नाही. घाटावर लोक आयते बसलेले असतात, पिंडाला कावळा शिवल्याशिवाय उठता येत नाही, माईक असतोच. नानासारखा माणूस दिवसाला तीन-तीन दहावे करतो. तुझ्या दहाव्याला तो येणार आणि श्रद्धांजलीचं भाषण ठोकणार, हे सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. आणि कावळा शिवला नाही तर काय होतं तेही पक्कं होतं. लोक म्हणतात, गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकानं उठून शब्द द्यायचा.

म्हणून दहाव्याच्या दोन दिवस आधीपासून मी गोदेच्या त्या वळणावर, बाभळींच्या पलीकडं, कावळ्यांना जेवण घातलं. बोकडाची आतडी, शिळ्या भाकरी, तेलात कालवलेला भात. दहाव्याच्या दिवशी पहाटेही घातलं. तालुक्यातले सगळे कावळे जेवायला होते. खरंच, अक्का, शून्य काढू नकोस. काही कावळ्यांना उडता येईना, ते चालत होते. एवढ्यावर एखादा चुकार आलाच तर म्हणून कमरेला गोफण.

नाना आला. मागं नातू, त्याच्या मागं पंधरा पोरं, सगळ्यांच्या खिशात पुढच्या दहाव्याचा पत्ता. छबूनं पिंड मांडला, बाजूला तुझी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बत्ताशे. बत्ताशे तिला कुणी सांगितले मला माहीत नाही. नाना माईकवर गेला आणि म्हणाला, "सोजरबाई म्हंजे आमच्या भगिनी. त्यांनी त्या काळात देशासाठी कुटुंब लहान ठेवलं." मग थोडं थांबून, "पण आता काळ बदललाय," आणि चार लेकरांवर आला.

कावळा नव्हता. अर्धा तास गेला. छबूनं हात जोडले, "आई, तुजी मेंढरं इकणार न्हाई." नाही. चुलतभाऊ म्हणाला, "वर्षश्राद्ध मी घालतो." नाही. ऊन चढलं. लोकांना भुका लागल्या. गुरुजींनी वर बघून बघून मान चोळली.

तेव्हा सोनाबाई उठली. म्हातारीला दोघींनी धरलं होतं. म्हणाली, "कावून उगं एकमेकाला कोड्यात घालता? तिचं काय राहिलंय ते बारक्या पोराला म्हाईत हाय. ते नानापाशी हाय."

घाटावर एवढी शांतता झाली की पलीकडं कावळ्यांनी ढेकर दिलेला मला ऐकू आला.

नाना म्हणाला, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा की. शास्त्रात हाय ते."

गुरुजींनी दर्भ काढलासुद्धा. छबू म्हणाली, "खरं मागणं हाय, मग गवताचा कावळा कावून?"

नाना कपाळ पुसत उभा. नातवानं घड्याळ बघितलं आणि आजोबाच्या कानाशी, पण माईकच्याही कानाशी, म्हणाला, "आबा, म्हणून टाका ना. तलवाड्याला दहावा हाय, तिथं कावळा शिवून गेला तर माणसं उठतील."

नाना म्हणाला, "तर, त्या काळात कामाच्या घाईत काही चुका झाल्या असतील."

"आसतील न्हाई," सोनाबाई म्हणाली. "झाल्या. कुणी केल्या?"

"शासनाच्या धोरणानुसार..."

"शासनानं माजा अंगठा धरला न्हवता. ज्यानं धरला त्याच्या बोटात तवा अंगठी व्हती. ती बघा, आजूनबी हाय."

लोकांनी बघितलं. नानानं हात धोतरात लपवला. भूक लागलेल्या शंभर माणसांपुढं पुढारी फार वेळ टिकत नाही, अक्का. शेवटी तो माईकवर म्हणाला, हळू, पण भोंगा चांगला होता, "न्हाई इचारलं. बायांना न इचारता आणलं. अंगठे मी घेतले. व्हय म्हणती, हे मीच म्हणालो."

चाळीस वर्षं, नऊ इलेक्शनं, आणि एवढंच. सोनाबाई मटकन खाली बसली. माझ्या छातीत काय झालं ते सांगत नाही, मला तिथं वाढवून सांगता येणार नाही. मी आभाळाकडं बघितलं आणि मनात म्हणालो, या रे आता.

कावळा आला नाही.

ही माझी चूक. सूड घ्यायचा म्हणून कावळ्यांना जेवू घातलं, पण त्यांना परत भूक कशी लावायची ह्याचा विचारच केला नव्हता. लोक वर बघतायत, मी वर बघतोय, आणि पलीकडं बाभळींखाली तालुक्यातले सगळे कावळे झोपलेत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नानाचं तोंड हळूहळू उजळलं. ब्याऐंशीचा झाला तरी मुरलेला पुढारी. माईक परत ओढला आणि म्हणाला, "बघा मंडळी. मी तर सांगितलं. तरी कावळा न्हाई. म्हंजी सोजरबाईचं मागणं माझ्याकडं न्हवतंच. दुसऱ्या कुणाकडं हाय." आणि माझ्याकडं बघितलं. "म्हाळू, तू सांग बे. त्या दिवशी ओट्यावर मी तुला काय म्हणालो व्हतो?"

मला माहीत होतं कावळे का येत नाहीत. साऱ्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं. कावळ्यात तू नाहीस, शास्त्र नाही, बोकडाची आतडी आहेत. मी ते सांगून सुटू शकत होतो, लोक हसले असते, माझी तर तीच कमाई. पण छबू माझ्याकडं बघत होती. तिनं आभाळाकडं एकदाही बघितलं नव्हतं. ती मघापासून माझ्याकडंच बघत होती.

मग मी खोकलो नाही.

मी म्हणालो, "सुईचं म्हणाला न्हवता. आपरेशनचं म्हणाला व्हता. परत लेकरू व्हनार न्हाई, असं समजावून सांगितलं व्हतं. मला म्हाईत व्हतं. पाससाठी नेली."

माईक माझ्या हातात नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

अक्का, तू मला कधीच विचारलं नाहीस. नानाला नऊ वेळा विचारलंस. मला चाळीस वर्षं भाकरी वाढलीस, माझी टाचणी, न्हावी, राजवाडा सगळं ऐकून घेतलंस आणि नेमकं उंबऱ्यापाशी आलं की गप्प बसलीस. मला वाटायचं, तुला माहीत नाही. आता वाटतं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नानाचा सूड तू तोंडानं घेतलास, माझा गप्प राहून. मी अमेरिकेपर्यंत पळालो आणि तू पळू दिलंस. एवढा लांब सूड मी कुणाचा ऐकलेला नाही, आणि मी असल्या गोष्टी जन्मभर ऐकत, सांगत आलोय.

छबू उठली. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती गुरुजींना म्हणाली, "करा दर्भाचा कावळा."

गुरुजी म्हणाले, "मघाशी तूच नको म्हणालीस, बाई."

"मघाशी आईनं ऐकायचं राहिलं व्हतं. आता ऐकलं तिनं. खरा कावळा आला तर ह्या दोघांना वाटंल, माफ झालं. तसं न्हाई झालेलं."

गुरुजींनी गवताचा कावळा केला, पिंडाला लावला, माणसं उठली. नाना तलवाड्याला गेला. तिथं कावळा शिवून माणसं पांगली होती, असं कळलं. हे मात्र कुणीतरी वाढवून सांगितलेलं असावं, मला आवडलं म्हणून ठेवलंय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून बघ काय चाललंय. सोनाबाईनं पोरांना बसवून सांगितलं, "माज्या दहाव्याला नानाला बोलवा. आन् मला शाळंत नेलं त्यालाबी म्होरं बसवा." नेलं कुणी होतं, तर तिच्या नवऱ्यानं, विहिरीच्या परवान्यासाठी. ऐकल्यापासून म्हातारा तिचे पाय चेपतोय. मग त्या ओळीतल्या बाकीच्याही बोलायला लागल्या. एकीला दिरानं नेलेलं, एकीला मास्तरानं, एकीला सख्ख्या सासऱ्यानं, तो मेलाय म्हणून बिचारी हळहळते. प्रत्येकीचा निरोप तोच. नानाची गाडी आता गावात फिरते ती मतांसाठी नाही. कोणत्या म्हातारीला खोकला आहे, कुणाला ताप, विचारत फिरते. परवा सोनाबाईला जरा चक्कर आली तर बीडचा डॉक्टर दारात. आपल्या गावात म्हाताऱ्या बायकांची इतकी काळजी मी कधी बघितली नव्हती, आणि ही काळजी घेणाऱ्या म्हाताऱ्यांची झोप इतकी उडालेलीही. सोनाबाई म्हणते, "मी आता घाई करत न्हाई. लई मजा येतीय." अक्का, शून्य काढायला एकही नाही ह्यात.

काल छबू मेंढरांना पाणी पाजत होती. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिला विचारलं, एवढ्या बायकांच्या निरोपात कुठं माझं नाव निघालं का. म्हटलं, कुणीतरी मलाही म्होरं बसवावं.

ती मेंढीच्या तोंडाशी बादली धरून म्हणाली, "तुजी केस एकच व्हती, मामा. ती गेली."